जिवतीच्या मांडीवरची जागा

आमच्या विद्यानगरच्या गल्लीत एक चित्रकार राहतो, हे गल्लीला कधी पटलंच नाही. प्रतापराव नारायणगुड्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे गॅदरिंगचे पडदे रंगवणारा माणूस, याच्यापुढे लोकांची समज गेली नाही. बाहीवर शाई, नखांत शाई. एकदा कपाळावर शाईचं बोट उमटलेलं घेऊन ते एका मुंजीला आले, तेव्हा भटजींनी अंगारा कुठल्या देवाचा म्हणून विचारलं. धोब्याने त्यांचे कपडे घेणं कधीच बंद केलं होतं.

मी सरकारी हिशेब खात्यात जन्म काढला. लग्न केलं नाही आणि तोंड फटकळ आहे, त्यामुळे गल्ली मला समोर इंदुताई म्हणते आणि मागे काय म्हणते तेही मला ठाऊक आहे. पण प्रतापरावांची छापचित्रं भिंतीवर लावणारी गल्लीत मी एकटीच, आणि याचा मला गर्व आहे. ज्याला चांगलं म्हणायचं त्याला तोंडावर चांगलं म्हणावं. मेल्यावर म्हणण्यात काय मोठेपणा?

त्यांचं काम तसं साधं होतं. लिनोलियमच्या, म्हणजे लायनोच्या, तुकड्यावर चित्र काढायचं, छोट्या पटाशीने कोरायचं, वरून रुळाने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि मागून घासायचं. प्रेस नव्हता. घासायला ते बायकोचा वरणाचा डाव वापरत. ती बिचारी हयात होती तोवर वरण वाटीने वाढायची. जे कोरलं ते कागदावर पांढरं राहतं, जे राखलं ते काळं उमटतं, आणि सगळं उलटं उमटतं, डावं ते उजवीकडे. शिवाय एकदा कोरलं की भरून काढता येत नाही. पेन्सिलीला रबर असतं, लायनोला नसतं, असं ते वर्गात मुलांना सांगत.

माझ्या भिंतीवर त्यांचं टँकरचं चित्र आहे. पाण्याचा टँकर आलाय आणि बायका घागरी पुढे सरकवतायत. चेहरा एकाही बाईचा दिसत नाही, फक्त पाठी आणि कोपरं. पण ती कोपरं बघावीत. प्रत्येक कोपर शेजारणीला ढकलतंय आणि आपण ढकलत नाही असं दाखवतंय. त्यात कडेची, मान ताठ करून पदर खोचलेली, ती मी. बघितल्याबरोबर मला राग आला आणि मग हसू आलं, कारण मी खरंच तशी उभी राहते. दुसऱ्या चित्रात गल्लीतले अप्पाराव दुपारी पायरीवर झोपलेत, वीज खात्यातून दमून आलेले, तोंडावर पेपर, पायातली एक चप्पल निसटून खालच्या पायरीवर. त्या चपलेत अख्खी दुपार आहे. देखणं असं या माणसाने कधी काही काढलं नाही. रोज डोळ्यांसमोरून जाणारं आणि आपण न बघितलेलं तेवढं काढलं.

आता जिवतीचं सांगते. या तेलुगू मुलखातही आमच्या मराठी बायका श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावतात. वर नरसिंह आणि कालियावरचा कृष्ण, मध्ये मांडीवर लेकरं घेतलेल्या जिवत्या, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. दर शुक्रवारी कागदाची पूजा, आघाड्याचा हार, मुलांना ओवाळणं, दूध-फुटाणे. सगळं मुलाबाळांना आयुष्य मिळावं म्हणून. मला मूल नाही, तेव्हा माझा संबंध फुटाण्यांपुरता. हे कागद आबिड्सला एका दुकानात मिळायचे. ते दुकान बंद पडलं, त्याला वीस-एक वर्षं होऊन गेली. मग सावित्रीबाईंनी प्रतापरावांना हुकूम सोडला. सावित्रीबाई म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. सासर चार पिढ्या वकिलांचं, नवरा वकील, आणि युक्तिवाद मात्र घरात एकट्या त्याच करायच्या. त्या म्हणाल्या, कागद छापता येतो ना तुम्हाला, मग छापा जिवती.

प्रतापरावांनी छापली. त्यांचा नरसिंह शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखा दिसत होता आणि वाघ उपाशी होता. पण देवीपाशी येऊन त्यांचं घोडं अडलं. देवी कधी पाहिलीच नाही तर काढू कशी, असं ते मला म्हणाले. समोरच्या पायरीवर अप्पारावांची बायको भामा लेकराला घेऊन बसली होती. भालकीकडची शेतकऱ्याची मुलगी, शहरात नवी, कुणाशी बोलायला लाजायची. मांडीवर वर्षा-दीड वर्षाचा युवराज, आणि त्याच्या हातात जाम, म्हणजे पेरू, त्याच्या तोंडाहून मोठा. भोवती गल्लीतली सगळी पोरं त्या जामावर डोळा ठेवून. सावित्रीबाईंचा अमोल तर हात लांब करून थेट मागत होता. प्रतापरावांनी लायनोचा तुकडा आणला आणि त्यांच्याकडे बघत बघत सरळ त्यावरच काढलं.

देव त्यांनी आधी नीट उलटे करून घेतले होते. भामाच्या वेळी मात्र विसरले. छाप निघाला तेव्हा युवराज तिच्या उजव्या मांडीवर गेलेला. भामाला कागद दाखवला तर ती पदराआडून पहिल्यांदा मोठ्याने हसली, म्हणाली, सर, हे लेकरू ह्या बाजूला कधी बसतच न्हाई, किंचाळतंय. तिचा युवराज कायम डाव्या कडेवर, डाव्या मांडीवर. प्रतापराव ओशाळले. पण लायनोला रबर नसतं.

तेव्हापासून दर श्रावणात तोच कोरलेला ठसा, ताजे कागद. सगळ्या घरांत एकच जिवती, आणि तिच्या भोवती त्याच घरांतली पोरं. बायकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, पण पहिल्या शुक्रवारी आपापल्या पोराच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावताना सगळ्यांचं नाक सरळ झालं. श्रावण संपला की कागद बादलीत विरघळवून पाणी तुळशीला घालायचं. देवाचा कागद, घरात ठेवत नाहीत. पोरं मोठी झाली, कुणी बेंगळुरूला, कुणी डॅलसला गेली. मराठी वाचता येईना अशीही झाली. पण कागदावर ती जामाकडे बघतच राहिली. अमोलने परीक्षेच्या आधी हॉस्टेलवरून आईला फोन करून कागदावरच्या अमोलला नमस्कार सांगितल्याचं मला माहीत आहे.

गेल्या माघात युवराज गेला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मोटरसायकल तो चालवत होता, मागे अमोल. पुलाच्या उतारावर वाळू होती. अमोलचा पाय मोडला, युवराज जागीच गेला. भामाला एकच लेकरू.

त्या घराचं मी काय सांगू? अप्पाराव बोलायचे थांबले. भामा कामं करायची, सगळी करायची, आणि दुपारी त्याच पायरीवर बसायची. घरात युवराजचा मोठा केलेला फोटो, त्याला हार. फोटोला हार चढला की माणूस गेलेलं असतं, आणि जिवतीला हार चढला की तिच्यावरची लेकरं जगणारी असतात. हार तोच, फुलं त्याच फुलवालीची. अख्ख्या जगात युवराज अजून जिवंतांच्या पंगतीत बसलेला असा तो एकच ठसा उरला होता, आणि श्रावण जवळ येत होता.

आषाढात सावित्रीबाई प्रतापरावांकडे गेल्या आणि म्हणाल्या, यंदा ठशातून ते एक लेकरू काढून टाका. प्रतापरावांनी सांगितलं, त्यापेक्षा नवा ठसा कोरतो. पण त्यांचे हात कंपवाताने थरथरायचे, चहाची बशी धड धरवत नव्हती. नवा ठसा कुठला कोरणार? त्यांनी मला येऊन सांगितलं आणि मी तडक सावित्रीबाईंच्या घरी गेले. मी बरंच बोलले. लाज वाटत नाही का, इथपर्यंत बोलले. त्या एरवी उलट दोन शब्द जास्त बोलतील अशा, पण त्या दिवशी खुर्चीत खाली बघत बसून राहिल्या. आतल्या खोलीत अमोल दुसऱ्यांदा प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पडलेला होता.

"एका कागदावरचा एक गेला, इंदुताई," त्या म्हणाल्या. "माझा त्याच्या शेजारीच आहे. हात त्याच्याकडेच केलेला आहे. मी रोज रात्री उठून त्याचा श्वास बघते. तुम्हाला नाही कळणार."

शेवटचं वाक्य मला लागलं, लागावं म्हणूनच म्हटलं होतं. पण मी उठून आले ते त्यामुळे नाही. ती बाई खोटं बोलत नव्हती. बाजारचा कागद मागवावा तर स्वतःची पोरं ज्या जिवतीपाशी वाढली तिला भिंतीवरून उतरवायचं कसं, आणि लावावी तर तिच्यात मेलेलं पोर. सगळ्या बायकांची हीच तकलीफ होती, फक्त तोंड सावित्रीबाईंना होतं.

भामाला हे कुणी सांगितलं नाही. पण पायरीवर बसणाऱ्या बाईला सगळं कळतं. बायका तिच्यासमोरून जाताना बोलणं थांबवत, तेवढ्यावरून तिला समजलं. एका सकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, सरांकडं जायचंय, संगट चला. विधुराच्या घरी एकटी जाणारी ती नव्हतीच. मला वाटलं, ही आता भांडणार, आणि मला बरं वाटलं. मी पदर खोचूनच निघाले.

प्रतापराव खिडकीशी बसले होते. भामा उभीच राहिली.

"सर, काढा त्याला," ती म्हणाली. "बाकीची लेकरं राहू द्या."

प्रतापराव तोंड उघडायच्या आतच मी बोलले. म्हटलं, असलं काही करायचं नाही, ज्यांना नको त्यांनी लावू नये. भामाने माझ्याकडे बघितलंही नाही. मग प्रतापरावांनी तिला सांगितलं की हे एकदा कोरलं की परत येत नाही, पोरी. आधी एक छाप तुझ्यासाठी काढून देतो, तो जपून ठेव.

"नको," भामा म्हणाली. "कागद घरात राहिला तर तो अडकून राहील. मोकळा होऊ द्या त्याला."

प्रतापरावांनी कपाटातून ठसा काढला. भामाने तो आजवर पाहिला नव्हता, कागदच पाहिले होते. तिने टेबलावर वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ठशावर सगळं उलटं, म्हणजे जसं होतं तसं. युवराज तिच्या डाव्या मांडीवर बसलेला होता.

"हितं बरोबर बसलाय की," ती म्हणाली.

मग तिने बोट टेकवलं. ठशात राखलेला भाग वर उचललेला असतो, हाताला लागतो. केसांचा झुपका, गाल, जामावरची मूठ, पायातला वाळा. ती सावकाश, आंधळ्या माणसासारखी, बोटाने सगळं बघत गेली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मी खिडकीबाहेर बघत होते. मला तिथे उभं राहवत नव्हतं आणि निघूनही जाववत नव्हतं. माझ्यासारख्या बाईला रडताना कुणी बघू नये असं मला वाटतं, आणि मी रडत होते.

प्रतापरावांनी पटाशी घेतली, पण हात इतका थरथरत होता की टोक लायनोवर ठरेना. भीती भामाच्या दंडाची होती. पोराला धरलेला तिचा हात राखायचा आणि पोर तेवढं काढायचं, केसभर इकडे-तिकडे झालं तर हातही जाणार. त्यांनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, जमायचं नाही मला. तेव्हा भामा त्यांच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट टेबलावर दाबून धरलं. थरथर थांबली. त्यांनी कोरायला सुरुवात केली. पायाकडून सुरू केलं, चेहरा शेवटपर्यंत ठेवला. लायनोची बारीक काळी सालपटं टेबलावर पडत होती, आणि काम संपल्यावर भामाने ती हाताने गोळा करून पदराच्या टोकाला बांधली.

छाप निघाला तो सगळ्यात आधी मी बघितला. माझ्यापुरतं सांगायचं तर प्रतापरावांनी इतकं मोठं चित्र कधी काढलं नव्हतं, आणि देवाने कुणाकडून काढवू नये. देवीचा दंड तसाच गोल वळलेला. त्या दंडाच्या आत पांढरं, लेकराच्या आकाराचं पांढरं. डोकं कुठे होतं, गुडघा कुठे दुमडला होता, सगळं कळत होतं. आणि भोवतीची सगळी पोरं, जी आजवर एका जामाकडे बघत होती, ती आता त्या पांढऱ्याकडे बघत होती. आधी युवराज गर्दीतला एक होता, आता सगळ्या कागदावर तो एकटाच होता. अमोलचा हात त्या पांढऱ्यात जाऊन टेकला होता.

प्रतापरावांनी सगळ्या घरांसाठी कागद छापले. मीच वाटले, कारण बायकांची तोंडं मला बघायची होती. सावित्रीबाईंनी कागद उलगडला, अमोलच्या हाताकडे बघितलं आणि घडी घालून मला परत दिला. चूक झाली इंदुताई, एवढंच म्हणाल्या. माझा सगळा राग तोंडाशी येऊन तिथेच विझला. दोन दिवसांत पुण्याहून रंगीत जिवत्या घरोघर आल्या, मोबाईलवरून मागवलेल्या. गुळगुळीत कागद, गोरे देव, मांडीवर गुबगुबीत, ओळखीचं नसलेलं पोर. म्हणजे युवराजला कोरून काढलं ते कुणाच्याच उपयोगी पडलं नाही. शेवटी बाजारचीच लावायची हे जर आठवडाभर आधी ठरलं असतं तर तो त्या ठशात बसलेला राहिला असता. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं तर आधी, आणि तेव्हा मीही बायकांपुढे हे बोलले नव्हते.

प्रतापरावांनी पटाशा तेल लावून डब्यात ठेवल्या आणि डबा माळ्यावर टाकला. डाव धुऊन स्वयंपाकघरात अडकवला. घराघरांतून परत आलेले कागद मात्र त्यांच्याकडे राहिले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, भामा घेऊन गेली.

पहिल्या शुक्रवारी दिवेलागणीला मी भामाकडे गेले. सोबत खीर नेली होती, निमित्त म्हणून. गल्लीत घराघरांतून पुरणाचा वास येत होता. मला वाटलं होतं, हिच्याकडे अंधार असेल. दार उघडं होतं. युवराजच्या फोटोसमोरच्या भिंतीवर प्रतापरावांची जिवती लावलेली होती. आघाडा-दूर्वांचा हार, खाली पुरणाचे दिवे. अप्पाराव आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

तिने प्रत्येक पोराच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. अमोलला, आणि ज्या पोरांच्या आया पलीकडच्या घरांत रंगीत कागदापुढे बसल्या होत्या, त्या सगळ्यांना. पांढऱ्या जागेला बोट लावलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ज्यांनी तुझ्या पोराला काढायला लावलं त्यांच्या पोरांची पूजा तू का करतेस? मला खरोखर संताप आला होता, तिच्यावरही आला होता.

"त्याचे दोस्त हायेत ते," भामा म्हणाली. "त्यांच्याकडं तर तो ऱ्हायलाय थोडा थोडा. ते जगले पाहिजेत, ताई."

तिने ओवाळलं. मग वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. लेकरू घरात नसेल, दूर असेल, तर आमच्या बायका चारी दिशांना अक्षता टाकतात. असेल तिथे त्याला पोचतात म्हणे. भामाने डॅलसच्या, बेंगळुरूच्या पोरांसाठी चारी बाजूंना टाकल्या, एकेकाचं नाव घेत. मुठीत थोड्या उरल्या. ती त्या घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने मान वर केली आणि उरलेल्या अक्षता छताकडे टाकल्या.

त्या खाली आल्या आणि तिच्याच केसांत पडल्या. तिने त्या काढल्या नाहीत. मीही काढल्या नाहीत.